कंपनीचा माणूस निघून गेल्यावर सर्व्हर कोण उठवणार?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई साक्री तालुक्यातल्या, एका विद्यापीठाच्या संगणक केंद्रात पाच वर्षांपासून कंत्राटी सहायक आहेत. केंद्रात त्यांच्यासह तिघं. या पाच वर्षांत परीक्षेची नवी प्रणाली, ग्रंथालयाचं कोहा, ऑनलाइन वर्गांचं मूडल, वसतिगृहाचं वायफाय आणि डिजीलॉकरवर गुणपत्रिका चढवण्याचं काम असे पाच प्रकल्प झाले. पाचही बाहेरच्या कंपन्यांनी केले. ताई लिहितात, "प्रशिक्षणाची अकरा प्रमाणपत्रं फायलीला लावली आहेत, पण सर्व्हर बसला की आजही कंपनीच्या माणसाचा फोन लागायची वाट बघते. दिवसभर प्रिंटर, पासवर्ड आणि हॉल तिकीट. सर, शिकायचं कधी आणि नेमकं काय?"

ताई, मी सव्वीस वर्षं हेच काम करतोय. सुरुवात धुळे जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात झाली, पुढे दोन विद्यापीठांत. तुमचा प्रश्न मी या काळात निदान तीसेक जणांकडून ऐकला असेल, आणि दर वेळी त्यात शिकणं आणि काम या दोन वेगळ्या गोष्टी धरलेल्या असतात. काम उरकलं की मग शिकू. आपल्या खात्यात काम कधीच उरकत नाही, म्हणून शिकणंही होत नाही.

तुमच्या त्या पाच प्रकल्पांकडे जरा वेगळ्या नजरेनं बघा. त्या पाच वर्षांत कुणीतरी शिकलंच. कंपनीकडून आलेली बावीस-तेवीस वर्षांची मुलं पहिल्या आठवड्यात चाचपडत होती, तीच शेवटी झरझर कमांड देत होती. त्यांचा हात तुमच्या सर्व्हरवर बसला. खर्च विद्यापीठाचा, डेटा विद्यापीठाचा, चुकाही विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी सोसल्या, आणि तयार झालेला हात पुण्याला किंवा हैदराबादला निघून गेला. ती मुलं वाईट नव्हती. तिथं शिकायला जागा होती, ती त्यांनी घेतली. आपण ती मागितली नाही. माझं सगळं सांगणं एवढंच आहे की ही जागा प्रकल्पाच्या कागदपत्रांतच लिहून घ्यायची. ते कसं करायचं ते सांगतो, पण आधी ही गोष्ट मला कशानं कळली ते सांगायला हवं.

एका विद्यापीठात प्रवेशाच्या ऐन हंगामात डेटाबेसची डिस्क गेली. मी घाबरलो नाही, कारण बॅकअप रोज रात्री होत होता. बॅकअपची व्यवस्था आधीच्या कंपनीनं लावून दिली होती. मी रोज सकाळी फोल्डर उघडून बघायचो, आदल्या दिवसाच्या तारखेची फाइल असायची. त्या दिवशी ती फाइल उघडायला गेलो तर तिचा आकार वीस बाइट. आदल्या दिवसाची वीस बाइट. त्याच्या आधीचीही वीस. सात महिने मागं गेलो तेव्हा पहिली खरी फाइल सापडली.

झालं होतं ते असं. सात महिन्यांपूर्वी लेखापरीक्षणात शेरा आला म्हणून डेटाबेसचा पासवर्ड बदलला. बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये जुनाच राहिला. डेटा बाहेर काढणारी कमांड रोज रात्री नापास होत होती, पण तिचं आउटपुट पाइपमधून, म्हणजे एका कमांडकडून थेट दुसरीकडे, जीझिप या फाइल दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रामकडे जात होतं. जीझिपला काहीच आलं नाही तरी तो तक्रार करत नाही. रिकाम्या मजकुराचीही तो नीट बांधलेली वीस बाइटची फाइल करतो आणि 'काम झालं' म्हणून कळवतो. कमांड चालवणारा शेल पाइपमधल्या शेवटच्या कमांडचाच निकाल धरतो. म्हणून स्क्रिप्टचा निकाल रोज आलबेल दिसत होता. स्क्रिप्टच्या वर पाइपफेलची, म्हणजे पाइपमधली कुठलीही कमांड नापास झाली तर सगळंच नापास धरायची, एक ओळ असती आणि तो निकाल कुणी बघत असतं तर पहिल्याच रात्री कळलं असतं. मी तारखा बघत होतो, आकार बघितला नाही, आणि त्या फाइलमधून डेटा परत उभा करून तर कधीच बघितला नव्हता.

सात महिन्यांच्या नोंदी महाविद्यालयांनी पाठवलेल्या छापील याद्यांवरून पुन्हा भरल्या. नऊ माणसं, बारा दिवस, रविवार धरून. शिरपूरचं एक पोरगं तेव्हा रोज फोन करायचं, कारण शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत संपत आली होती आणि त्याची नोंद आमच्याकडे सापडत नव्हती. त्याचा आवाज मला आजही आठवतो.

त्यानंतर दर तीन महिन्यांनी आम्ही एका जुन्या पीसीवर पूर्ण डेटाबेस बॅकअपमधून उभा करायला लागलो. पहिल्या खेपेला नऊ तास लागले, चौथ्या खेपेला पन्नास मिनिटं. या चार खेपांत आम्हा तिघांना डेटाबेसबद्दल जे कळलं ते त्याआधीच्या सगळ्या कार्यशाळांत मिळून कळलं नव्हतं. कुठलं टेबल किती मोठं, कुठला इंडेक्स उभा राहायला वेळ खातो, कुठल्या खात्याला कसली परवानगी आहे, अक्षरसंच चुकला की मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं कशी येतात. कुणी शिकवलं नाही, समोर आलं म्हणून शिकलो.

आता निविदेबद्दल. तुमच्याकडे बहुधा कुलसचिव कार्यालय किंवा खरेदी समिती मसुदा करते आणि संगणक केंद्राकडून तांत्रिक तपशील मागवते. जेम या सरकारी खरेदीच्या संकेतस्थळावरून खरेदी असली तरी हा तपशील आपणच लिहून देतो. तीच आपली संधी. सगळ्या निविदांत एक ओळ असते, 'कर्मचाऱ्यांना आवश्यक ते प्रशिक्षण दिले जाईल.' या ओळीतून एक दिवसाचं सादरीकरण, जेवण आणि प्रमाणपत्र मिळतं. तुमची अकरा प्रमाणपत्रं अशीच आली असतील. ती ओळ काढून टाका आणि त्या जागी असं काही लिहा: 'चाचणी सर्व्हरची उभारणी कंपनी करेल. प्रत्यक्ष वापरातल्या सर्व्हरची उभारणी केंद्राचे कर्मचारी करतील. कंपनीचा प्रतिनिधी शेजारी उपस्थित राहील, परंतु कळफलक हाताळणार नाही. ही उभारणी पूर्ण झाल्याच्या केंद्रप्रमुखांच्या दाखल्याशिवाय शेवटचा दहा टक्के हप्ता देय होणार नाही.'

पहिल्यांदा हे लिहिलं तेव्हा कंपनीच्या व्यवस्थापकानं बैठकीत विरोध केला. त्याचं म्हणणं बरोबरच होतं, त्यांचा माणूस जे एका दिवसात करतो त्याला आम्हाला चार दिवस लागले. पण त्या चार दिवसांत फायरवॉलमध्ये कुठलं पोर्ट का उघडावं लागतं ते कळलं, जावाला किती मेमरी द्यायची ते कळलं, आणि गुणपत्रिकेच्या पीडीएफमधली जोडाक्षरं फुटतात कारण सर्व्हरवर मराठी फॉन्टच बसवलेला नाही, हेही कळलं. पुढं दीड वर्षानं दिवाळीच्या सुट्टीत तो सर्व्हर बसला. ज्या मुलीनं तो उभारला होता तिनं तो घरून, पारोळ्याहून, पाऊण तासात उठवला. कुणाला फोन करावा लागला नाही.

त्याच मसुद्यात आणखी काही गोष्टी पक्क्या करून घ्या. संकेतस्थळाचं डोमेन विद्यापीठाच्याच नावावर आणि विद्यापीठाच्याच ईमेलवर नोंदलेलं असावं. हे मी वेगळं सांगतोय कारण डोमेन ठेकेदाराच्या नावावर राहिल्यानं महिनोन् महिने अडकून पडलेल्या दोन संस्था मी पाहिल्या आहेत. मुख्य प्रशासक खात्यांचे पासवर्ड सीलबंद लिफाफ्यात कुलसचिवांच्या तिजोरीत असावेत. डेटा कधीही, कुठल्याही कारणाशिवाय, कुठल्याही प्रणालीत वाचता येईल अशा खुल्या स्वरूपात काढून मिळावा. आणि टेबलांचा नकाशा, म्हणजे कुठल्या टेबलात काय आहे आणि ती एकमेकांशी कशी जोडली आहेत, हा लेखी हवा. कंपनी म्हणेल हा आमचा खाजगी मामला आहे. डेटाची रचना समजल्याशिवाय डेटा आपला होत नाही, एवढं नम्रपणे पण ठामपणे सांगायचं.

काही कामं अशी असतात की ती बाहेरच्या माणसाकडून नीट होऊच शकत नाहीत. आपल्याकडे सगळ्यात ठळक काम म्हणजे मराठी नावं. २०००च्या आसपास विद्यापीठांतून आणि महाविद्यालयांतून जुने मराठी फॉन्ट वापरून याद्या केल्या गेल्या. त्या फॉन्टमध्ये खरं तर इंग्रजी अक्षरांचे कोडच साठवलेले असतात, फक्त दिसायला मराठी. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकलेली, रफार अक्षराच्या नंतर. युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना ठरावीक कोड देणारी आजची पद्धत, तिच्यात याच्या उलट: वेलांटी व्यंजनाच्या मागून येते आणि रफाराचा र आधी येतो. रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामनं हे उलटंसुलटं नीट फिरवलं नाही तर 'हर्षल'चा 'हषर्ल' होतो.

शिंदखेड्याकडचा एक मुलगा पदवी प्रमाणपत्र घेऊन खिडकीवर आला होता. शांतपणे कागद पुढं सरकवला आणि म्हणाला, "सर, हाई नाव मन्हं नही." घरातला पहिला पदवीधर. आई-वडिलांना दाखवायला नेलेला कागद त्याला परत आणावा लागला होता.

कंपनीच्या बाहेरगावच्या अभियंत्याला ही चूक दिसली नव्हती, आणि दिसणारही नव्हती. त्याला मराठी वाचता येत नव्हतं. आमच्यातल्या एका सहायकाला दिसली. त्यानं तोवर फक्त टंकलेखन केलं होतं, पण कुठली कळ आधी आणि कुठली नंतर हे त्याच्या बोटांत होतं. त्याला आम्ही थोडं पायथन, ही प्रोग्रामिंगची भाषा, शिकायला बसवलं आणि त्यानं दोन महिन्यांत रूपांतराचे नियम लिहून काढले. मग त्यातल्या खाचाखोचा निघाल्या. मुक्ताईनगर तालुक्यातलं कुऱ्हा घ्या, भुसावळजवळचं कुऱ्हे पानाचे घ्या. यातला ऱ्ह युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एकात अर्ध्या 'ऱ'साठी वेगळा कोड आहे, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि डोळ्याला न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब एक. शोधायला गेलं की निम्मे विद्यार्थी सापडतात आणि निम्मे हरवतात. युनिकोडचं ठरावीक प्रमाणीकरण चालवलं तरी ही दोन रूपं एक होत नाहीत, तो नियम आपल्यालाच लिहावा लागतो.

डेटाबेसमधल्या रकान्याच्या लांबीचंही तसंच. 'ज्ञानेश्वर' डोळ्याला चार अक्षरं दिसतात. युनिकोडमध्ये ते दहा कोड आहेत, आणि यूटीएफ-८ या युनिकोड साठवायच्या रीतीत प्रत्येक देवनागरी कोडाला तीन बाइट लागतात, म्हणजे तीस बाइट. कुणी रकाना साठ बाइटचा ठेवला असेल तर ज्ञानेश्वर नावाच्या मुलाचं आडनाव मध्येच तुटतं. आणि डिजीलॉकर किंवा विद्यार्थ्यांचे श्रेयांक जमा ठेवणाऱ्या ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्ससाठी नाव आधारशी जुळवायचं आलं की नवाच गुंता. नंदुरबारकडची वळवी, तडवी, पावरा ही आडनावं शाळेच्या दाखल्यावर एका इंग्रजी स्पेलिंगनं, आधारवर दुसऱ्या आणि आपल्या डेटाबेसमध्ये तिसऱ्या. यंत्र ही तीन वेगळी माणसं समजतं. ती एकच आहेत हे ज्याला ऐकताच कळतं असा माणूस आपल्या केंद्रात बसलेला असतो. ताई, तुम्ही साक्रीच्या आहात. कागदावर न लिहिलेली ही तुमची पात्रता आहे, आणि तिच्या जोडीला एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, आणि थोडं पायथन आलं तर असं काम तुमच्यापेक्षा चांगलं करणारा माणूस कुठलीही कंपनी पाठवू शकणार नाही.

आता वेळेचं. परीक्षा विभागाचं वेळापत्रक हेच आपलं पंचांग. ऑक्टोबर-नोव्हेंबरात हिवाळी परीक्षा, मार्च ते मे उन्हाळी, मग निकाल, पुनर्मूल्यांकन, जूनपासून प्रवेश. कापसाची वेचणी चालू असताना कुणी विहीर खोदायला घेत नाही. या महिन्यांत नवं काही शिकायचा संकल्प करू नका, तो मोडतो आणि मन खट्टू होतं. डिसेंबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी, आणि थोडा सप्टेंबर, हे आपले महिने. बॅकअप उभा करून बघणं, जुना सर्व्हर बदलणं, नवी आवृत्ती चढवणं, ही कामं तेव्हाच धरायची.

बाकीच्या काळासाठी आठवड्यातून दीड तास. आम्ही गुरुवारी दुपारी चार ते साडेपाच ठेवला होता. कुलसचिवांना अर्ध्या पानाची टिपणी दिली, मंजुरी घेतली, खिडकीवर पाटी लावली. कार्यालयीन वेळेतच ठेवा. संध्याकाळी सहानंतर किंवा रविवारी ठेवलं तर ज्यांच्या घरी स्वयंपाक, लहान मुलं किंवा आजारी म्हातारी माणसं आहेत ते गळतात, आणि आपल्याकडे ते बहुतेक वेळा बायकांच्याच वाट्याला येतं. हे काम आहे, कामाच्याच वेळेत व्हायला हवं.

त्या दीड तासात व्याख्यान नको. आमची रीत अशी होती: ज्याला एखादी गोष्ट येते तो बोलतो, पण कळफलकाला हात लावत नाही. ज्याला येत नाही तो करतो. आणि तिसरा, ज्याला अजिबातच माहीत नाही, तो वहीत लिहितो. पुढच्या आठवड्यात त्या वहीवरून लिहिणाऱ्यानंच ते काम एकट्यानं करून दाखवायचं. अडला तर चूक वहीची. वही दुरुस्त करायची. जाणकार माणूस लिहायला बसला की सोप्या वाटणाऱ्या पायऱ्या गाळून टाकतो, म्हणून लिहिणारा नवखाच हवा. वही मराठीत लिहा. कमांड जशी असेल तशी, पण तिच्या आधी ती का द्यायची आणि नंतर काय दिसायला हवं हे मराठीत. रात्री दोन वाजता, निकालाच्या आदल्या दिवशी, घाम फुटलेला असताना माणसाला आपल्या भाषेतलं वाक्यच पटकन कळतं.

तुम्ही तिघंच आहात ही अडचण मानू नका, या रीतीला तिघंच लागतात.

या दीड तासात कधीमधी विद्युत विभागाच्या माणसालाही बोलवा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि सर्व्हर खोलीतल्या यंत्रांना आत येणारी हवा १८ ते २७ अंशांच्या दरम्यान लागते. यूपीएसच्या शिसे-आम्ल बॅटरीचं आयुष्य २५ अंशांना मोजलेलं असतं, त्यावर साधारण दर दहा अंशांना ते निम्मं होतं. म्हणजे कागदावर चार वर्षांची बॅटरी न थंडावलेल्या खोलीत दोनेक वर्षांत मान टाकते. हे मला कुठल्या अभ्यासक्रमानं नाही, आमच्या वायरमननं सांगितलं. बॅटरीवर बसवल्याची तारीख ठळक शाईनं लिहायची सवयही त्याचीच.

आता जरा अवघड विषय. तुम्ही लिहिलं नाहीत, पण कंत्राटी माणसाच्या मनात हे असतंच: सगळं वहीत लिहून दिलं तर माझी गरज काय राहिली? कंत्राट संपेल आणि तीच वही दुसऱ्याच्या हाती जाईल. ही भीती खरी आहे. कंत्राटी लोकांना वर्षानुवर्षं अकरा महिन्यांच्या आदेशांवर ठेवणं अन्यायाचं आहे असं माझं स्पष्ट मत आहे, आणि शिकण्याच्या गोड गोष्टींनी तो अन्याय झाकला जाऊ नये. प्राध्यापकांच्या पदोन्नतीत उजळणी वर्गांना जागा आहे. आपल्यासारख्यांसाठी तशी रचना मी काम केलं तिथं कुठेच नव्हती. मागणी करत राहिलं पाहिजे, लेखी.

पण ज्ञान दडवून ठेवल्यानं माणूस सुरक्षित होत नाही, हेही मी जवळून पाहिलं आहे. माझा एक सहकारी निकालाची सगळी प्रणाली एकटा सांभाळायचा. कुणाला दाखवत नसे. वडील गेले, दहाव्यासाठी तो तापीकाठी प्रकाशाला गेला होता. इकडे निकालाच्या आदल्या दिवशी प्रणाली अडली. घाटावर, ओल्या धोतरात उभं राहून, तो पाऊण तास फोनवर एकेक कमांड सांगत होता आणि मागं गुरुजी थांबले होते. परत आल्यावर तो पहिल्यांदा म्हणाला, "मला कुणीतरी दुसरा तयार करायचाय." त्यानंतर त्याची वही आमच्या सगळ्यांत चांगली झाली. त्याची नोकरीही टिकली, पण ती टिकली नसती तरी त्या दिवसासारखा दिवस त्याच्यावर पुन्हा आला नसता.

तुमच्यासाठी एक व्यवहाराची गोष्ट. प्रत्येक प्रकल्प संपला की केंद्रप्रमुखांच्या सहीनं एक दाखला घ्या, आणि त्यात 'समाधानकारक काम केले' एवढंच नको. 'अमुक तारखेला डेटाबेस सर्व्हर स्वतः उभारला, अमुक लाख नोंदींचं युनिकोड रूपांतर केलं, तीन वेळा बॅकअपमधून पूर्ण पुनर्स्थापना केली' असं हातानं केलेलं काम लिहून घ्या. कुठल्याही मुलाखतीत त्या अकरा प्रमाणपत्रांपेक्षा हा एक कागद जड ठरेल.

काय शिकायचं या तुमच्या प्रश्नाला मी मुद्दाम उशिरा येतोय, कारण यादी सोपी आहे. आधी सर्व्हरवर चालणाऱ्या लिनक्स या प्रणालीची कमांड लाइन, मग एसक्यूएल, मग नेटवर्कचा पाया, मग छोट्या स्क्रिप्ट. क्लाउड आणि कृत्रिम बुद्धिमत्ता त्यानंतर. लिनक्ससाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे मराठी धडे आहेत, फुकट, आणि धिम्या इंटरनेटवरही चालतात. पुढचं सखोल हवं असेल तर एनपीटीईएल आणि स्वयम् इथले ऑनलाइन अभ्यासक्रम. पण धडा बघायचा तो पुढच्या गुरुवारच्या कामासाठी. कामाशिवाय बघितलेला धडा महिनाभरात विसरतो.

सुरक्षेचं मात्र कामाची वाट न बघता वाचा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेले निर्देश आहेत: सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची, लॉग, म्हणजे यंत्रातल्या घडामोडींच्या नोंदी, १८० दिवस जपायचे, सर्व्हरची घड्याळं ठरवून दिलेल्या वेळ-सर्व्हरशी जुळलेली ठेवायची. विद्यापीठाचा सर्व्हर चालवणाऱ्या माणसानं ते स्वतः वाचलेले असले पाहिजेत. आणि तुमच्याकडे कुठे सेंटओएस ७ ही जुनी लिनक्स आवृत्ती चालू असेल तर त्याचे सुरक्षा अद्ययावतीकरण ३० जून २०२४ ला थांबलं आहे. जुन्या प्रकल्पांचे सर्व्हर तपासा, बहुधा एखादा सापडेल. तोच तुमचा हिवाळ्यातला पहिला प्रकल्प.

तुम्ही मूडल आणि कोहा वापरता म्हणून एक गोष्ट सांगतो, मला ती फार धीर देते. मूडल ज्यानं लिहिलं तो मार्टिन डुगियामास ऑस्ट्रेलियात पर्थच्या कर्टिन विद्यापीठात तुमच्यासारखाच तांत्रिक कर्मचारी होता. विद्यापीठानं विकत घेतलेली दुसरी एक प्रणाली सांभाळायचं काम त्याच्याकडे होतं. ती सांभाळता सांभाळता तिच्या उणिवा त्याला कळत गेल्या आणि ऑगस्ट २००२ मध्ये मूडलची पहिली आवृत्ती बाहेर पडली. कोहा तर न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ नावाच्या एका छोट्या भागातल्या ग्रंथालयाचं. त्यांची जुनी प्रणाली २००० साल उजाडताच बंद पडणार होती आणि मोठी प्रणाली परवडत नव्हती. १९९९ मध्ये त्यांनी न्यूझीलंडमधल्याच एका छोट्या कंपनीबरोबर बसून नवी करून घेतली, जानेवारी २००० मध्ये ती सुरू झाली आणि त्यांनी ती जगाला मोफत देऊन टाकली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. तिथं कंपनी होतीच, पण ग्रंथालयातली माणसं कामात शेजारी बसलेली होती.

तुमच्या संलग्न महाविद्यालयांत, धडगाव-अक्कलकुव्याकडे, निकालाच्या दिवशी एकदा तरी जाऊन बसा. निकालाचं पान तिथल्या मुलाच्या मोबाइलवर उघडायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजा. आम्ही असं मोजलं तेव्हा पानावर मान्यवरांची मोठमोठी छायाचित्रं होती आणि पान उघडायच्या आत मुलं तीनदा ते पुन्हा उघडत होती, त्यानं सर्व्हरवरचा ताण आणखी वाढत होता. छायाचित्रं काढली, निकालाची पानं आदल्या रात्रीच तयार करून ठेवली, आणि त्याच जुन्या सर्व्हरवर निकाल सुरळीत लागला. नवा सर्व्हर घ्यायचा प्रस्ताव तयार होता, तो परत घेतला.

येत्या गुरुवारी काय करायचं तेवढं सांगून थांबतो. भांडारात पडलेला एक जुना पीसी मागून घ्या. त्यावर लिनक्स चढवा. पहिल्याच बैठकीत झालं नाही तर दुसऱ्या. मग ग्रंथालयाच्या कोहाचा कालचा बॅकअप घ्या, परीक्षेचा नको, तो नंतर. उघडायच्या आधी फाइलचा आकार बघा आणि वहीत लिहा. डेटा उभा करा, आणि ग्रंथपालांना बोलावून त्यांनी काल दिलेलं एखादं पुस्तक त्यात सापडतं का ते त्यांनाच शोधायला सांगा. सुरुवात किती वाजता केली आणि पुस्तक किती वाजता सापडलं, या दोन वेळा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.